प्रश्न आधी, हेडसेट नंतर: नाशिकमध्ये मेंदू-संगणक संशोधनाचा गट कसा उभा करावा

नाशिकच्या एका रुग्णालयात मेंदूच्या देठाला झटका बसलेले एक काका होते. ऐकू येत होतं, सगळं कळत होतं, पण हात, पाय, मान, जीभ यांतलं काहीच हलत नव्हतं. पापण्या तेवढ्या हलायच्या. त्यांच्या मुलीने जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूला स्केचपेनने मुळाक्षरं लिहून काढली होती. ती आधी ओळीवर बोट ठेवायची. ‘क-ची ओळ? च-ची? ट-ची?’ काकांनी पापणी मिटली की त्या ओळीतलं एकेक अक्षर. मग काना, वेलांटी, अनुस्वार वेगळे विचारायचे. मी घड्याळ लावून पाहिलं. ‘पंखा बंद’ एवढं सांगायला साडेसहा मिनिटं लागली. पंखा थेट चेहऱ्यावर होता, डोळे कोरडे पडत होते, आणि दोन दिवस ते कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

त्या कॅलेंडरच्या कागदाने जे केलं, तेच यंत्राकडून करून घ्यायचा प्रयत्न गेली अनेक दशकं चालू आहे. १९८८ साली लॉरेन्स फारवेल आणि इमॅन्युएल डोन्चिन यांनी पडद्यावर ६ बाय ६ ची चौकट मांडली. त्यात ३६ खुणा होत्या, आणि ओळी व स्तंभ आलटूनपालटून चमकायचे. आपल्याला हवं असलेलं अक्षर चमकलं की साधारण ३०० मिलिसेकंदांनंतर मेंदूच्या विद्युतलहरीत एक उंचवटा दिसतो. त्याला पी३०० म्हणतात. तो पकडला की स्नायू न हलवता अक्षर निवडता येतं. त्यांचा वेग होता मिनिटाला २.३ अक्षरं. अशा व्यवस्थेला ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस, थोडक्यात बीसीआय म्हणतात.

मी नाशिकमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन शिकवतो. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, प्रोग्रामर आणि रुग्णांचे नातेवाईक यांना एका टेबलाशी बसवण्याचा खटाटोप काही वर्षं करतो आहे. त्यातून जे उमगलं ते इथे क्रमाने लिहितो. आपल्या गावात असा गट बांधायचा असेल, तर हे हाताशी ठेवा.

आपलं क्षेत्र कोणतं, ते आधी ठरवा

बातम्यांमध्ये जे बीसीआय दिसतं ते बहुतेक वेळा कवटी उघडून बसवलेलं असतं. २००४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रेनगेट प्रकल्पात मॅथ्यू नेगल यांच्या मेंदूत ९६ इलेक्ट्रोडची, म्हणजे मेंदूचे विद्युतसंकेत टिपणाऱ्या टोकांची, जाळी बसवली गेली आणि मानेवरच्या चाकूहल्ल्यामुळे लुळे पडलेले नेगल विचाराने पडद्यावरचा कर्सर हलवू लागले. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने एएलएस (स्नायूंवरचा ताबा हळूहळू जाण्याचा आजार) झालेल्या व्यक्तीच्या बोलण्याच्या प्रयत्नातून मिनिटाला ६२ शब्दांचा वेग गाठला. जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक या कंपनीने पहिल्या माणसात आपलं यंत्र बसवलं.

हे सगळं वाचावं आणि विद्यार्थ्यांना दाखवावंही. पण शस्त्रक्रियेचं बीसीआय हे आपल्या गटाचं काम नाही, आणि पहिल्या बैठकीतच तसं स्पष्ट बोलावं. आपल्या आवाक्यात आहे ते ईईजीवर, म्हणजे डोक्याच्या कातडीवरून टिपलेल्या मेंदूच्या विद्युतलहरींवर चालणारं, डोक्यावर टोपी घालून होणारं बीसीआय. त्यातही तीन वाटा आहेत. पी३०० ची वर सांगितलीच. दुसरी एसएसव्हीईपी: ठरावीक वेगाने लुकलुकणाऱ्या चौकोनाकडे पाहिलं की मेंदूच्या मागच्या भागात तोच वेग उमटतो. तिसरी मोटर इमेजरी: हात हलवण्याची नुसती कल्पना केली तरी हाताच्या विरुद्ध बाजूच्या मेंदूपट्ट्यावर ८ ते १३ हर्ट्झची लहर दबते. या तिसऱ्या वाटेचा उपयोग पॅरालिसिसच्या रुग्णांच्या व्यायामात होतो. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) २०२१ मध्ये ‘इप्सिहँड’ हे असंच उपकरण मान्य केलं. आपल्याकडे आयआयटी कानपूरने उत्तर आयर्लंडच्या अल्स्टर विद्यापीठाबरोबर हाताच्या व्यायामाचं रोबोटिक यंत्र याच तत्त्वावर विकसित केलं आहे.

एक गोष्ट डॉक्टर सांगतील, ती मनापासून ऐका. रुग्णाचे डोळे नीट हलत असतील, तर नजर टिपणारा कॅमेरा बहुतेक वेळा बीसीआयपेक्षा सोपा, स्वस्त आणि वेगवान पडतो. बीसीआय कुणाला लागेल आणि कुणाला लागणार नाही, हे ठरवणं हाच संशोधनाचा पहिला भाग आहे.

एकच प्रश्न निवडा, आणि तो सगळ्यांची गरज भासेल असा निवडा

‘नाशिकमध्ये बीसीआय संशोधनाला चालना देणे’ हा प्रश्न होत नाही, तो बॅनरवरचा मजकूर झाला. त्यावर माणसं जमतात, फोटो निघतात आणि घरी जातात. प्रश्न असा हवा की तो इंजिनिअरला एकट्याने सुटणार नाही आणि डॉक्टरलाही नाही.

आमचा प्रश्न त्या कॅलेंडरच्या कागदातून आला: मराठीत लिहिण्यासाठी पी३०० ची चौकट कशी असावी?

इंग्रजीची २६ अक्षरं ६ बाय ६ मध्ये मावतात आणि वर १० जागा उरतात. मराठीचं तसं नाही. व्यंजनं चौतीसच्या घरात, त्यात आपला ‘ळ’, मग स्वर, काना-मात्रा-वेलांट्या, अनुस्वार आणि जोडाक्षरं. सगळं एकाच पडद्यावर मांडलं तर चौकट एवढी मोठी होते की हवं ते अक्षर शोधण्यातच रुग्ण थकतो. हिशेब करून पाहा. ६ बाय ६ मध्ये एका फेरीला ६ ओळींच्या आणि ६ स्तंभांच्या मिळून १२ चमका लागतात. दर १७५ मिलिसेकंदांना एक चमक धरली, तर फेरीला २.१ सेकंद. लहर इतकी बारीक असते की एका फेरीवर भरवसा ठेवता येत नाही. १० फेऱ्यांची सरासरी घेतली तर एका निवडीला २१ सेकंद. ‘पाणी’ म्हणजे प, काना, ण, वेलांटी अशा ४ निवडी, म्हणजे ८४ सेकंद. आता ‘कृष्णा’ लिहून पाहा.

मग पर्याय सुचू लागतात. आधी व्यंजन, मग मात्रांची छोटी चौकट? की मुलीने केलं तसं वर्गाप्रमाणे क-च-ट-त-प? नेहमी लागणारे २० शब्द सरळ चित्रांनी द्यायचे? पुढचं अक्षर ओळखून यंत्रानेच सुचवायचं? देवनागरीच्या पी३०० चौकटीवर भारतात काम झालेलं आहे. ते आधी वाचायचं. पण कळवण, सुरगाणा, निफाडहून येणारा रुग्ण प्रत्यक्षात कोणते शब्द मागतो, हे आपल्यालाच वॉर्डात जाऊन लिहून घ्यावं लागतं. या एका प्रश्नाला न्यूरॉलॉजिस्ट लागतो, स्पीच थेरपिस्ट लागतो, मराठीचा शिक्षक लागतो, प्रोग्रामर लागतो, आणि ती मुलगी तर लागतेच. प्रश्न बरोबर निवडला की माणसं का हवीत हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तुमचा प्रश्न वेगळा असू शकेल. कसोटी तीच ठेवा: एक वाक्य, एक प्रकारचा रुग्ण, एक मोजता येणारी गोष्ट.

माणसं कुठे आहेत, आणि त्यांच्याकडे कसं जायचं

नाशिकला मोठी मेंदू-संशोधन संस्था नाही, पण तुकडे सगळे आहेत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आपल्याच दिंडोरी रोडला म्हसरूळला आहे. आडगावला डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्र्यंबक रोडला जिल्हा रुग्णालय आहे. पंचवटीत के. के. वाघ, आडगावला मेट, महिरावणीला संदीप, अशी इंजिनिअरिंगची कॉलेजं पसरलेली आहेत. गोवर्धनला मुक्त विद्यापीठ आहे, ज्याला घरी बसलेल्या माणसापर्यंत शिक्षण पोचवायचा १९८९ पासूनचा अनुभव आहे. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत पीसीबी बनवणारे, प्लास्टिक मोल्डिंगवाले, इलेक्ट्रिकल पॅनेलवाले आहेत. इलेक्ट्रोड धरून ठेवणारी टोपी डोक्याच्या मापात बसवायची असेल, तर ज्याने आयुष्यभर जिग-फिक्स्चर केलेत त्याचं डोकं कुठल्याही प्राध्यापकापेक्षा जास्त चालतं.

बाहेरची आणि स्थानिक माणसं एका कामाभोवती जमू शकतात, हे या शहराने पाहिलेलं आहे. २०१५ च्या सिंहस्थाच्या तयारीत ‘कुंभथॉन’ झालं. मूळचे नाशिकचे आणि एमआयटी मीडिया लॅबमध्ये काम करणारे रमेश रासकर त्यात पुढे होते. गर्दी, साथीचे आजार, वाहतूक असे खरे प्रश्न घेऊन विद्यार्थी आणि अधिकारी एकत्र बसले होते.

आकड्याची काळजी करू नका. बीसीआयची पहिली आंतरराष्ट्रीय बैठक जून १९९९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात, ऑल्बनीजवळ भरली, तेव्हा ५० माणसं होती आणि २२ गट. आपल्याला १० पुरतात.

आता जायचं कसं. डॉक्टरांकडे प्रस्तावाची फाइल घेऊन ओपीडीच्या वेळेत जाऊ नका. ओपीडी संपल्यावर, आधी वेळ घेऊन, १५ मिनिटांसाठी जा. सोबत एक पानच न्या: प्रश्न एका वाक्यात, त्यांच्याकडून हवं काय, आणि त्यांचा महिन्याला किती वेळ जाईल. ‘सर, तुम्ही मार्गदर्शन करा’ यातून काही ठरत नाही. ‘मॅडम, महिन्यात एका शनिवारी दीड तास, आणि कोणता रुग्ण घ्यायचा नाही हे ठरवायला तुम्ही लागाल’ यातून ठरतं. फिजिओथेरपिस्टना मात्र सर्वांत आधी भेटा. रुग्णाबरोबर रोज पाऊण-एक तास तेच असतात, आणि आज रुग्ण कंटाळला आहे का, दुखतंय का, रात्री झोपला का, हे त्यांना नुसतं बघून कळतं. ईईजीच्या रेकॉर्डिंगमध्ये या तिन्ही गोष्टी उतरतात. ईईजी तंत्रज्ञांनाही विसरू नका. पेस्ट किती लावायची, कोणत्या डोक्याला कुठे त्रास होतो, हे ज्ञान त्यांच्या बोटांत आहे, आणि आजवर त्यांना बैठकीत खुर्ची देण्याचं कुणाच्या मनात आलेलं नसतं.

रुग्णाच्या घरच्या माणसाला पहिल्या बैठकीपासून बोलवा. रुग्ण येऊ शकत असेल तर उत्तमच.

पहिल्या तीन बैठका

मी एका कॉलेजात मोठा उद्घाटन सोहळा होऊ दिला होता. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, चार भाषणं. सत्तरएक लोक होते. पुढच्या महिन्यात पाच आले. त्या पाचांनी पुढे काम केलं, पण उरलेल्या पासष्टांत उपयोगी पडणारी किती माणसं होती ते कधीच कळलं नाही, कारण त्या दिवशी त्यांना करायला काही दिलंच नव्हतं.

म्हणून पहिली बैठक वॉर्डातून सुरू करा. परवानगी घेऊन, दोघं-दोघं, गर्दी न करता. इंजिनिअरने अर्धा तास नुसतं बसून बघावं. व्हेंटिलेटर, सक्शन मशीन, मॉनिटर, मोबाइल चार्जर अशी किती यंत्रं खाटेभोवती आहेत, प्लग पॉइंट कुठे आहे, रुग्णाला किती वेळाने कुशीवर वळवतात, हे पाहिलं की लॅबमध्ये आखलेल्या निम्म्या कल्पना तिथेच गळतात.

दुसरी बैठक शब्दांची. ‘आर्टिफॅक्ट’, ‘कंट्रोल’, ‘ट्रायल’ हे शब्द डॉक्टर आणि इंजिनिअर दोघंही वापरतात, पण अर्थ निराळे. डॉक्टरच्या तोंडी ट्रायल म्हणजे रुग्णांवरची पूर्ण चाचणी. आमच्या तोंडी ट्रायल म्हणजे हात हलवण्याची एक चार सेकंदांची कल्पना. या एका शब्दावरून आमच्यात अर्धा तास वाद झाला, तेव्हा कुठे लक्षात आलं. भिंतीवर कागद लावा आणि प्रत्येक शब्दापुढे गटाचा ठरलेला अर्थ मराठीत लिहा.

तिसरी बैठक डेटावर, आणि ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. अजून एक रुपयाचंही यंत्र घ्यायचं नाही. फिजिओनेट या संकेतस्थळावर मोटर इमेजरीचा डेटा कुणालाही मोफत मिळतो: १०९ स्वयंसेवक, ६४ इलेक्ट्रोड, सेकंदाला १६० नमुने, मूठ आणि पाय प्रत्यक्ष हलवणं व नुसती कल्पना करणं. तोच सगळ्यांनी घ्या. एमएनई-पायथन हे मोफत साधन वापरा. सी३ आणि सी४ या, डोक्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूला हातांच्या पट्ट्यांवर येणाऱ्या दोन जागांवर ८ ते १३ हर्ट्झची ताकद काढा. उजव्या मुठीच्या कल्पनेत डावीकडचं सी३ दबतं का ते बघा. काहींच्यात सुंदर दिसेल, काहींच्यात अजिबात नाही. तो तुमचा दोष नाही. साधारण १५ ते ३० टक्के लोकांच्या लहरींवर अशी बीसीआय नीट चालत नाही, असं या क्षेत्रात मानलं जातं.

मग प्रत्येक जोडीने स्वतंत्रपणे ‘डावा की उजवा’ ओळखणारा प्रोग्राम लिहायचा आणि पुढच्या वेळी अचूकता शेजारी-शेजारी मांडायची. कुणीतरी ९८ टक्के आणतंच. त्याचं अभिनंदन करण्याआधी त्याने शिकवण्याचा आणि तपासण्याचा डेटा कसा वेगळा केला ते विचारा. एकाच चार सेकंदांच्या रेकॉर्डिंगचे एकमेकांवर चढलेले तुकडे प्रोग्रामला शिकवायलाही आणि तपासायलाही वापरले, तर तो पेपर फोडून घेतलेली परीक्षा झाली. एका माणसाच्या एका सत्रावर शिकवा आणि दुसऱ्या सत्रावर तपासा. आकडा खाली येईल, आणि तोच खरा.

याच वेळी नाण्याचा खेळ करा. ४० वेळा नाणं उडवून ‘छापा-काटा’ सांगायला लावा. ४० पैकी २६ किंवा जास्त, म्हणजे ६५ टक्के, नुसत्या नशिबाने बरोबर येण्याची शक्यता शंभरात चार आहे. दहा विद्यार्थ्यांच्या वर्गात एखाद्याला ते साधूही शकतं. ज्या दिवशी फिजिओथेरपिस्टनी हे स्वतः करून पाहिलं, त्या दिवसापासून ‘६५ टक्के आलं!’ या वाक्यावर त्याच पहिल्यांदा विचारू लागल्या, ‘किती वेळांपैकी?’ गट तयार झाल्याची खूण मला तिथे दिसली.

एथिक्स कमिटी आणि संमतीपत्र

स्वतःच्या डोक्यावर खेळणं वेगळं आणि दुसऱ्याच्या डोक्यावर रेकॉर्डिंग करणं वेगळं. विद्यार्थी मित्राचं जरी संशोधनासाठी रेकॉर्डिंग करणार असाल, तरी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात. संशोधन तपासून मान्यता देणारी एथिक्स कमिटी ७ ते १५ जणांची असते. अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो. कायदेतज्ज्ञ, समाजशास्त्राशी संबंधित व्यक्ती आणि सामान्य नागरिकही असतात. इंजिनिअरिंग कॉलेजांत अशी कमिटी बहुधा नसते. तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयातल्या सहकाऱ्याला प्रमुख संशोधक किंवा सहसंशोधक करून, लेखी करार करून त्यांच्या नोंदणीकृत कमिटीपुढे जायचं. रुग्णावर उपचार म्हणून काही करून पाहणार असाल, तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या रुग्णांवरच्या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद करा. यंत्र पुढे विकायचा विचार असेल, तर २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम वाचून ठेवा.

संमतीपत्र मराठीत लिहा, आणि इंग्रजीवरून उतरवलेलं लिहू नका. ‘सदर अभ्यासातील सहभाग ऐच्छिक स्वरूपाचा असून’ हे वाक्य मी कमिटीतल्या कायदेतज्ज्ञाला वाचून दाखवलं, त्यांनी मान डोलावली. रुग्णाच्या आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली, ‘म्हंजी काय रं बाबा?’ आता आमच्या कागदावर असं आहे: ‘तुमची इच्छा असेल तरच भाग घ्या. नाही म्हणालात तरी इथले उपचार आहेत तसेच चालू राहतील. मधेच थांबायचं असेल तर कारण न सांगता थांबू शकता.’ आणि त्याखाली ठळक: ‘या अभ्यासाने तुमचा आजार बरा होणार नाही.’ हे वाक्य लिहिताना हात जड होतो. तरी लिहाच. घरचे लोक आशेवर असतात, टोपी डोक्यावर चढताना बघून त्यांचे डोळे भरून येतात, आणि आपण बोललो नाही तर त्या आशेला आपण खतपाणी घातल्यासारखं होतं.

वाचता-लिहिता न येणाऱ्यासाठी निःपक्ष साक्षीदार लागतो. बोलू न शकणाऱ्या रुग्णाच्या वतीने कायदेशीर प्रतिनिधी सही करू शकतो, पण ज्याला कळतंय त्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. काकांना आम्ही त्याच कागदावर विचारलं. ‘हो’ साठी एकदा पापणी, ‘नाही’ साठी दोनदा. तोच प्रश्न उलटा करूनही विचारला, म्हणजे चुकून मिटलेली पापणी होकार ठरायला नको. त्यांनी पहिल्या दिवशी दोनदा मिटली. आम्ही सामान उचललं आणि निघालो. आठवड्याने मुलीचा फोन आला की आज ते हो म्हणतायत.

मेंदूच्या लहरी ही वैयक्तिक माहिती आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या नजरेने तिच्याकडे बघा. नाव एका कुलूपबंद वहीत आणि फाइलवर फक्त क्रमांक. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर रेकॉर्डिंग किंवा रुग्णाचा फोटो टाकायचा नाही. हा नियम पहिल्या दिवशी सांगा, कारण मोडला जातो तो चांगल्या हेतूनेच.

रेकॉर्डिंगची तयारी

सुरुवातीला ८ चॅनेल, म्हणजे डोक्यावरच्या ८ जागांच्या लहरी, पुरतात. ओपनबीसीआयचा सायटन बोर्ड ८ चॅनेलचा आहे आणि बॅटरीवर चालतो. विद्यार्थ्यांच्या सरावासाठी दिल्लीच्या अपसाइड डाउन लॅब्जचे छोटे, खुल्या आराखड्याचे बोर्ड चांगले आहेत. निदानासाठीचं रुग्णालयातलं ईईजी यंत्र मिळालं तर सुरुवातीला तुलनेसाठी वापरा, पण त्यातून डेटा थेट बाहेर काढता येतो का ते आधी विचारा. पुष्कळदा येत नाही.

सुरक्षेचा नियम एकच आणि त्याला अपवाद नाही: माणसाच्या डोक्याला जोडलेली कोणतीही गोष्ट भिंतीतल्या प्लगला जोडलेली नसावी. बोर्ड बॅटरीवर, लॅपटॉपही बॅटरीवर, चार्जर काढलेला.

ईईजीची लहर मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात मोजतात. आपल्या भिंतींतून ५० हर्ट्झची वीज सतत वाहते आणि तारा ती अँटेनासारखी उचलतात. आमच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये फक्त तीच होती. फिल्टर लावून बघितले, कोड बदलला, दोन शनिवार गेले. शेवटी लॅबच्या सहायकाने पंख्याचा रेग्युलेटर बंद केला आणि पडद्यावरची जाड पट्टी एकदम बारीक झाली. आता आमच्या यादीत पहिली ओळ आहे: पंखा बंद, ट्यूबलाइट बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत, तारा एकत्र वळलेल्या. मे महिन्यात पंख्याशिवाय घाम येतो आणि घामाने लहर हळूहळू वर-खाली तरंगते. म्हणून उन्हाळ्यात सकाळी ८ ला बसतो.

दुसरी ओळ: आदल्या रात्री केस धुऊन या, तेल लावू नका. हे सांगायचं राहिलं की सगळं मुसळ केरात. खोबरेल तेलाचा थर असला की इलेक्ट्रोड आणि कातडी यांच्यातला अडथळा उतरतच नाही. तो ५ ते १० किलोओहमच्या खाली आला की काम सुरू करता येतं. दाट केस असलेल्या बाईंचा भांग कापसाच्या काडीच्या मागच्या टोकाने हलकेच पाडायचा, जेल घालायचं, वाट बघायची. त्यांच्या केसांना हात लावण्याआधी विचारायचं, आणि शक्यतो गटातल्या मुलीने ते करायचं. झाल्यावर कोमट पाणी आणि स्वच्छ टॉवेल तयार ठेवा. ज्यांना जेल माखलेल्या डोक्याने रिक्षाने घरी जावं लागतं ते परत येत नाहीत.

पी३०० करणार असाल तर वेळेचा मेळ ही खरी अडचण. अक्षर पडद्यावर प्रत्यक्ष कधी चमकलं आणि लहरीत त्याची खूण कधी पडली, यात ५०-१०० मिलिसेकंदांचा डुलता फरक असेल तर सरासरीत उंचवटा पसरून नाहीसा होतो. पडद्याच्या कोपऱ्यावर छोटा प्रकाशसंवेदक चिकटवून तो फरक मोजा. वेगवेगळ्या उपकरणांचे प्रवाह एका घड्याळावर आणायला लॅब स्ट्रीमिंग लेअर हे मोफत साधन आहे. चौकट आणि प्रयोग चालवायला बीसीआय२००० किंवा ओपनव्हाइब घ्या. स्वतःचं पहिल्यापासून लिहायचा मोह होतो, तो एक वर्ष आवरा.

फाइली ठेवण्यासाठी बिड्स ही जगभर चालणारी मांडणी आहे. २०१९ पासून ईईजीसाठीही आहे. तीच वापरा. दुसऱ्या कॉलेजच्या मुलाला फाइल उघडून विचारायला फोन करावा लागला नाही, की एकत्र काम सोपं होतं.

श्रेय, पैसा आणि निघून जाणारी मुलं

निबंधावर कुणाचं नाव, कोणत्या क्रमाने, हे डेटा गोळा करण्याआधी लिहून सह्या करा. ज्याने काम आखलं किंवा केलं, लिखाणात भाग घेतला, शेवटचा मसुदा मान्य केला आणि जबाबदारी घेतली, तो लेखक. खोली दिली म्हणून विभागप्रमुखांचं नाव घालायचं नाही. आभारांत सन्मानाने घालायचं. हे आधी बोललं तर कुणी दुखावत नाही, नंतर बोललं तर गट फुटतो.

आपल्याकडची दुसरी गळती म्हणजे फायनल इयर. मुलं जुलै-ऑगस्टमध्ये प्रोजेक्ट घेतात, एप्रिलमध्ये सबमिशन करतात, आणि जूनमध्ये पुण्याला नोकरीला जातात. त्यांच्याबरोबर पासवर्ड, कोड आणि ‘अमुक इलेक्ट्रोड जरा दाबून धरावा लागतो’ हे सगळं जातं. उपाय म्हणजे जाड वही. प्रत्येक सत्राची तारीख, कोण होतं, काय बिघडलं, कसं सुटलं, हे पेनाने. आणि जाणाऱ्या मुलांनी जानेवारीपासूनच थर्ड इयरच्या एका जोडीला शेजारी बसवायचं. सबमिशनच्या गुणांत त्या हस्तांतराला गुण ठेवा. मग ते होतं.

पैशासाठी केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाचा आकलन-विज्ञानाचा कार्यक्रम, अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, आणि उपकरण बनवण्याच्या टप्प्याला बायरॅक ही केंद्राची संस्था आहे. पण वर्षभराचं रेकॉर्डिंग आणि एथिक्सची मान्यता हातात नसताना अर्ज करण्यात वेळ जातो. आधी काम दाखवा.

बाहेरच्यांशी जोडणी

बेंगळुरूचं निम्हान्स (मेंदू आणि मनाच्या आजारांची राष्ट्रीय संस्था) आणि आयआयएससी (भारतीय विज्ञान संस्था), मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, आणि कानपूर-मद्रासच्या आयआयटी यांना लिहिताना ‘आम्हाला सहकार्य करा’ एवढंच लिहू नका. तुमच्या ५ सत्रांचा नीट मांडलेला डेटा, एक अडलेला प्रश्न आणि ‘यात आमचं काय चुकतंय?’ एवढं पाठवा. मला अशा पत्रांना उत्तरं आली. आधीच्या लांबलचक पत्रांना नव्हती. विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर ध्येय हवं असेल, तर झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या सायबॅथलॉनमधली बीसीआय शर्यत दाखवा. त्यात अपंग स्पर्धक आणि इंजिनिअर एकाच संघात असतात, आणि खेळतो स्पर्धक.

पहिल्या पानावर काय लिहायचं

वहीच्या पहिल्या पानावर आम्ही यंत्राबद्दल काहीच लिहिलेलं नाही. तिथे कॅलेंडरच्या कागदाची नोंद आहे. मुलीला पुन्हा बसवून पाच शब्द, तीन वेगवेगळ्या दिवशी, स्टॉपवॉच लावून मोजले: पाणी, पंखा, कुशी, दुखतंय, आणि नातवाचं नाव. प्रत्येकापुढे मिनिटं, सेकंद, किती चुका, आणि शेवटी काका किती थकले ते मुलीच्या शब्दांत. आपली टोपी, आपला बोर्ड, आपला प्रोग्राम यांची तुलना या पानाशी करायची. सध्या तिसऱ्या आराखड्यावर ‘पाणी’ कागदापेक्षा लवकर होतं. ‘दुखतंय’ अजून कागदावरच लवकर होतं, आणि तोवर कागद त्यांच्या उशाशीच आहे.